गाभाऱ्यातला सेवेकरी आणि दारातला भक्त : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नित्यपूजेच्या क्रमाविषयी या सदरात लिहिले, तेव्हा मंत्र आणि उपचार यांविषयी शंका येतील असे वाटले होते. प्रत्यक्षात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे पुजाऱ्यांच्या वागणुकीविषयी होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी महादेवाची पूजा आमच्या गुरव घराण्याकडे आहे आणि पाळीप्रमाणे मीही बरीच वर्षे ती केली आहे. त्यामुळे ही पत्रे वाचताना काही ठिकाणी वाईट वाटले, तर काही ठिकाणी लाज वाटली. त्यांतली पाच पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी आई 81 वर्षांची आहे. तिची फार दिवसांची इच्छा म्हणून तिला एका प्रसिद्ध देवस्थानी नेले. तीन तास रांगेत उभे राहून आम्ही गाभाऱ्यापाशी पोहोचलो. आईने पदराच्या गाठीतली दहा रुपयांची नोट काढून ताटात ठेवली. पुजाऱ्यांनी ती बोटाने बाजूला सारली आणि सर्वांसमक्ष म्हणाले, ‘‘एवढ्या लांबून आलात आणि दहा रुपये?’’ आईच्या हातावर तीर्थसुद्धा पडले नाही. घरी परतेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. देवदर्शनासाठी दक्षिणा देणे बंधनकारक आहे काय? पुजाऱ्याचे नेमके कर्तव्य काय?
— एक भगिनी, पुणे

उत्तर : दर्शनासाठी दक्षिणा बंधनकारक नाही. शास्त्राने नाही, परंपरेने नाही आणि कायद्यानेही नाही. आपल्या मातोश्रींच्या बाबतीत जे घडले ते चूक होते, एवढे आधी निःसंदिग्धपणे सांगतो.

आता थोडे खोलात जाऊ. देवळात पैसा तीन वाटांनी येतो आणि या तीन वाटांची सरमिसळ झाली की सगळा घोटाळा सुरू होतो. पहिली वाट दानपेटीची. त्यात पडलेला पैसा देवाचा, म्हणजे संस्थानाचा किंवा विश्वस्त मंडळाचा. दुसरी वाट पूजा, अभिषेक, महानैवेद्य यांसाठी कार्यालयात भरलेल्या रकमेची, जिची पावती मिळालीच पाहिजे. तिसरी वाट देवापुढच्या ताटाची. ते ताट कोणाचे, हे प्रत्येक देवस्थानाच्या वहिवाटीवर आणि नियमांवर ठरते. कोठे ते पाळीच्या पुजाऱ्याचे असते, कोठे त्याचा वाटा ठरलेला असतो, तर कोठे तेही संस्थानात जमा होते.

यांपैकी दक्षिणा म्हणावे असे काय आहे? पुजारी जेव्हा आपल्या वतीने संकल्प सोडतो, आपले नाव आणि गोत्र उच्चारून आपल्याला यजमान करतो, तेव्हा त्या कर्माची सांगता व्हावी म्हणून शेवटी दक्षिणा द्यायची असते. कर्म झाले म्हणून दक्षिणा, असा तो क्रम आहे. दर्शन हे पुजाऱ्याने आपल्यासाठी केलेले कर्म नव्हे. देव तेथे आहे आणि आपण त्याच्यासमोर उभे आहात, यात पुजाऱ्याने आपल्याला काही दिलेले नसते. म्हणून मागण्याचाही अधिकार त्याला पोहोचत नाही. आपण खुशीने ताटात ठेवले तर ते घ्यावे आणि दोन्ही हातांनी घ्यावे.

आपल्याकडच्या पूजेच्या संकल्पात ‘यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः’ असे शब्द येतात. जेवढे ज्ञान आहे तेवढ्याने आणि जे साहित्य मिळाले आहे त्यानेच ही पूजा करतो, असा त्याचा अर्थ. जो पुजारी रोज सकाळी देवासमोर हे म्हणतो, त्याला पदराच्या गाठीतली दहाची नोट कमी वाटावी, याचे मला फार दुःख होते. तीर्थ देताना म्हणायच्या श्लोकातही अकाली मृत्यू टळावा आणि सर्व व्याधी नष्ट व्हाव्यात, हीच भावना आहे. पळीभर पाण्यासोबत समोरच्या माणसासाठी एवढे मोठे मागणे मागायचे असते. ते तीर्थच आपल्या मातोश्रींना नाकारले गेले, हे माझ्या मते नोट सारण्याहूनही गंभीर आहे.

हे असे का होते, याचे उत्तर केवळ एखाद्या माणसाच्या स्वभावात शोधून चालणार नाही. पंढरपूरचे उदाहरण आपल्या सर्वांच्या माहितीचे आहे. विठ्ठल मंदिरात वंशपरंपरेने कारभार पाहणाऱ्या बडव्यांच्या जोडीला सात सेवाधारी होते. पुजारी प्रत्यक्ष पूजा करीत, बेणारी मंत्र म्हणत, परिचारक स्नानाचे पाणी आणत, हरिदास आरती म्हणत, डिंगरे देवाला आरसा दाखवत, दिवटे दिवटी धरत आणि डांगे चांदीची काठी घेऊन उभे राहत. ही कामांची वाटणी पाहिली की ध्यानात येते, की प्रत्येकाच्या वाट्याला देवाची एकेक सेवा आली होती आणि भक्तावर अधिकार गाजवण्याचे काम त्यांतल्या कोणाकडेही नव्हते. पुढे मात्र सेवेचा हक्क झाला, हक्काचे उत्पन्न झाले आणि देवापुढे बसून ओवाळणी घेण्याच्या हक्काचा लिलाव होऊ लागला. ज्याने लिलावात रक्कम मोजली आहे, त्याचे लक्ष ती रक्कम वसूल होण्याकडे लागणारच. तेथे भक्ताच्या चेहऱ्याआधी त्याच्या हाताकडे पाहिले जाते. भाविकांच्या तक्रारी वाढत गेल्यावर शासनाने चौकशी आयोग नेमला आणि त्यानंतर 1973 मध्ये पंढरपूर मंदिरांसाठी स्वतंत्र कायदा होऊन वंशपरंपरागत हक्क रद्द झाले. कोर्टकचेरी मात्र दीर्घकाळ चालली. जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे आणि रुक्मिणी मंदिराचे वंशपरंपरागत पुजारी उत्पात यांचा दावा फेटाळला आणि मंदिराचा कारभार पूर्णपणे समितीकडे आला.

समिती आली म्हणजे सगळे सुधारले, असे मी म्हणणार नाही. रांगेतून येणाऱ्याला क्षणभरही उभे राहू न देणारा सेवक पगारी असला तरी त्याने केलेली ढकलाढकल ढकलाढकलच असते. पण ताटातल्या रकमेवर पोट अवलंबून नसले तर निदान नोटेकडे पाहून तीर्थ देण्याचे कारण उरत नाही.

आपण आता काय करावे? त्या देवस्थानाच्या व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार द्यावी. दिनांक, वेळ आणि घडलेला प्रसंग एवढे लिहावे आणि पोच घ्यावी. देवस्थान सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल तर 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडेही दाद मागता येते. पंढरपूर, शिर्डी, मुंबईचे सिद्धिविनायक यांसाठी स्वतंत्र कायदे असल्याने तेथे त्या त्या समितीकडे जावे लागते. पुजारी वंशपरंपरेने आलेला असला तरी त्याला कोणी जाब विचारू शकत नाही, ही समजूत चुकीची आहे. 1972 मध्ये तमिळनाडूतील अर्चकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अर्चक हा मंदिराचा सेवक असून विश्वस्तांच्या शिस्तीखाली येतो, असे स्पष्ट केले आहे. मध्य प्रदेशातील देवस्थान जमिनींच्या 2021 च्या निकालातही पुजारी जमिनीचा मालक नाही, मालक देव आहे आणि पुजारी त्याच्या वतीने सांभाळणारा आहे, हेच सांगितले गेले.

आणि एक विनंती. मातोश्रींना जवळच्या एखाद्या शांत देवळात सकाळच्या वेळी घेऊन जा. तेथील पुजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, की आईला तीर्थ घ्यायचे आहे. त्यांच्या तळहातावर तीर्थ पडायला हवे.

प्रश्न : लग्नानंतर आम्ही उभयता अभिषेकाला बसलो. गुरुजींनी गोत्र विचारले. आम्हाला माहीत नव्हते. त्यावर त्यांनी आडनाव विचारले, मग गाव विचारले आणि मग ‘‘बरं बरं’’ म्हणून जे काही गडबडीने उरकले, त्यावरून त्यांनी आमची जात शोधली असे आम्हाला वाटले. गोत्र नसेल तर पूजा करता येत नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : करता येते. संकल्पात देश, काळ, यजमानाचे नाव, गोत्र, नक्षत्र किंवा रास यांचा उच्चार होतो, कारण कोणी, कोठे, कधी आणि कशासाठी हे कर्म करीत आहे हे त्यात सांगायचे असते. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप गोत्र म्हणावे, असे शास्त्रवचनच आहे. प्रत्येक शिकलेल्या पुरोहिताला ते माहीत असते. तेव्हा गोत्र विचारण्यात वावगे नाही, पण ते मिळाले नाही म्हणून आडनाव आणि गाव विचारत बसण्याचे काहीच प्रयोजन नव्हते.

विचारण्याची एक रीत असते. माझ्या चुलत्यांना मी असे विचारताना ऐकले आहे : ‘‘गोत्र ठावं हाय का? नसंल तरी काय अडत न्हाई, काश्यप म्हणू.’’ प्रश्न आणि त्याचा उतारा ते एका दमात सांगत. त्यामुळे समोरच्याला उत्तर न आल्याचा संकोच वाटायला वेळच मिळत नसे. अनेक जातींत गोत्राची परंपराच नाही किंवा तिच्या जागी देवक आणि कुलदैवत यांची परंपरा आहे. हे पुजाऱ्याला कळले नाही तर त्याचे मंत्र कितीही पाठ असोत, त्याचे शिक्षण अर्धवट आहे.

जातीविषयी आपण जे सूचित केले आहे, त्याबद्दल स्पष्टच लिहितो. 2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो अनेक वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. पंढरपूरचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना 1 मे 1947 पासून दहा दिवस प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. त्याच पंढरीत चोखोबांची समाधी नामदेव पायरीसमोर, मंदिराच्या बाहेर आहे आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते. आपल्याकडे 1956 पासून असा कायदा आहे, की सार्वजनिक पूजास्थानात कोणत्याही हिंदूला प्रवेश करण्यापासून किंवा पूजा करण्यापासून अडवता येत नाही आणि अडवणारा शिक्षेस पात्र होतो. आपल्याला कोणी अडवले नाही, हे खरे. पण गडबडीने उरकलेली पूजा ही अडवणुकीचीच सौम्य आवृत्ती आहे. असा अनुभव पुन्हा आला तर तेथेच शांतपणे म्हणावे, ‘‘गुरुजी, काश्यप म्हणा आणि सावकाश सांगा, आम्हाला घाई नाही.’’ तसे म्हणण्याचा यजमानाला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : माझे वडील महादेवाचे निस्सीम भक्त आहेत. पूर्वी ते पिंडीला हाताने दही-मध चोळून अभिषेक करीत. आता त्या देवळात कोणालाच पिंडीला हात लावू देत नाहीत. वडिलांनी आग्रह धरला तेव्हा पुजारी त्यांच्या अंगावर ओरडले. देवाला स्पर्श करणे हा भक्ताचा अधिकार नाही काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : येथे पुजाऱ्यांचे ओरडणे चूक आहे आणि त्यांचा नियम बहुधा बरोबर आहे.

दही आंबट असते, मधातही आम्ल असते आणि साखरेचे कण खरखरीत असतात. असे पंचामृत रोज शेकडो हातांनी दगडावर चोळले तर दगड झिजतो. पूर्वी गावच्या महादेवाला सोमवारी पाच-दहा अभिषेक होत आणि उरलेले दिवस पुजाऱ्याची एक पूजा होई. आता गर्दीच्या दिवशी एका पिंडीवरून किती हात फिरतात, हे कोणालाही दिसते. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या लिंगाची झीज हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तज्ज्ञ समितीच्या पाहणीनंतर 2018 मध्ये प्रत्येक भक्ताने अर्धा लिटर शुद्ध केलेले पाणी आणि सव्वा लिटर पंचामृत एवढीच मर्यादा पाळावी असे ठरले आणि 2020 मध्ये कोणीही लिंग चोळू नये, असा स्पष्ट आदेश झाला. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर 2015 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी संवर्धनाची प्रक्रिया केली, तीही मूर्तीची झीज थांबावी म्हणूनच.

म्हणून देवाचे रक्षण हे पुजाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे आणि त्यासाठी प्रसंगी भक्ताला ‘नाही’ म्हणणेही त्यात येते. परंतु ज्यांनी 40-50 वर्षे पिंडीला हात लावला आहे, त्यांच्या हाताला तो स्पर्श ठाऊक आहे. तो एका सोमवारी अचानक थांबला, तर त्याचे कारण त्यांना आदराने सांगायला हवे. आमच्या देवळात आम्ही यावर एक मार्ग काढला आहे. गळतीतून, म्हणजे पिंडीवर टांगलेल्या छिद्राच्या पात्रातून, पिंडीवर पडलेले पाणी जेथून बाहेर येते, त्या पन्हळीपाशी एक तांब्याचे पात्र ठेवले आहे. ज्येष्ठ मंडळींना गळतीत स्वतःच्या हाताने पाणी घालू देतो आणि खाली आलेले तीर्थ त्यांच्या ओंजळीत देतो. एक आजोबा पहिल्या दिवशी रुसून बसले होते. आता तेच नव्या माणसांना नियम समजावून सांगतात. आपल्या देवळातही अशी काही सोय करता येईल का, हे पुजाऱ्यांना किंवा विश्वस्तांना विचारून पाहावे.

प्रश्न : एका क्षेत्रात दर्शनाला गेले असता तेथील पुजाऱ्यांनी माझ्याकडे पाहून सांगितले, की तुमच्या घरावर दोष आहे, शांती केली नाही तर मुलाला धोका आहे आणि त्यासाठी अकरा हजार रुपये लागतील. मी घाबरून निम्मे पैसे देऊन आले. हे योग्य आहे काय?
— एक भगिनी, रत्नागिरी

उत्तर : अजिबात योग्य नाही. उरलेले पैसे देऊ नका.

पुजाऱ्याने देवाची पूजा करावी, भक्ताने सांगितलेली प्रार्थना देवापुढे मांडावी आणि तीर्थ-प्रसाद द्यावा. न विचारता भक्ताचे भविष्य सांगणे, त्यातही मुलाबाळांचे नाव घेऊन भीती घालणे, हे पुजारीपणात बसत नाही. आपण देवाकडे निर्भय होण्यासाठी जातो. दारातून परतताना भय सोबत घेऊन यावे लागले, तर पुजाऱ्याने देवाचेच काम उलटे केले असे म्हणावे लागेल. दिलेल्या रकमेची पावती मागा. पावती मिळत नसेल तर विश्वस्तांकडे लेखी तक्रार करा. चमत्काराचा दावा करून किंवा भूतबाधेची भीती दाखवून कोणी लुबाडत असेल, तर त्यासाठी राज्यात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि पोलीस ठाण्यात जाता येते. देवपूजा, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन यांना त्या कायद्याची आडकाठी नाही, त्यामुळे तक्रार केल्याने आपल्या हातून धर्माविरुद्ध काही घडेल, असे मुळीच मनात आणू नका.

प्रश्न : मी 26 वर्षांचा आहे. वडिलांच्या निधनानंतर गावच्या देवीची पूजा माझ्याकडे आली. या सदरातले मागचे लेख वाचले. सगळे पुजाऱ्यांनाच बोल लावतात, पण आमच्याकडे कोण पाहतो? पहाटे चारला उठून पाणी भरायचे, आरती करायची आणि दिवसभर दार उघडे ठेवायचे. लोक चपला घालून सभामंडपात येतात, गाभाऱ्यात मोबाईल धरतात, नैवेद्याच्या वेळी दार लावले तर दार वाजवतात, वर ‘‘देव तुझ्या बापाचा आहे का’’ असे विचारतात. महिन्याचे उत्पन्न धड घरखर्चालाही पुरत नाही. कसे वागावे, हे आम्हाला शिकवलेही कोणी नाही.
— एक तरुण पुजारी, मराठवाडा

उत्तर : आपले पत्र दोनदा वाचले. आपण लिहिले आहे ते सगळे खरे आहे आणि मी स्वतः अनुभवलेले आहे, म्हणून हे उत्तर थोडे मोठे झाले तर वाचकांनी समजून घ्यावे.

आधी उत्पन्नाविषयी. गावच्या पुजाऱ्याचे पोट पूर्वी ताटावर नव्हतेच. गुरव हा बलुतेदार होता. देवपूजा करायची, घरोघरी बेल आणि पत्रावळी पोचवायच्या, सणावारी वाजवायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुत्याचे धान्य आणायचे. शिवाय काही ठिकाणी देवाच्या नावावर इनाम जमीन असे. बलुते बंद झाले. जमिनीचे कोठे तुकडे झाले, कोठे वाद लागले. पूजा मात्र रोजची रोज करायचीच राहिली. गावाने पुजाऱ्याच्या पोटाची जबाबदारी सोडली आणि त्याच्याकडून सेवेची अपेक्षा मात्र जुनीच ठेवली, ही आपल्या समाजाची चूक आहे. विश्वस्त मंडळांनी कळसाला आणि फरशीला पैसे देण्याआधी पुजाऱ्याला दरमहा ठराविक मानधन द्यावे, असे मी प्रत्येक बैठकीत सांगत आलो आहे. ते मिळावे म्हणून आपण गावापुढे, शक्य तर ग्रामसभेत, लेखी मागणी करावी. त्यात महिन्याचे तेल, वात, फुले, कापूर यांचा खर्चही लिहावा. तो आकडा गावाला माहीत नसतो. आमच्या गावी तो पहिल्यांदा वाचून दाखवला, तेव्हा सभेत सगळे गप्प झाले होते.

आता लोकांच्या वागण्याविषयी. जे चपला घालून आत येतात त्यांना थांबवणे आपले कामच आहे, पण ते पाटीने आणि जागेच्या मांडणीने जितके होते तितके आवाजाने होत नाही. चपलांसाठी पायरीच्या खालीच फळी ठेवावी. नैवेद्याची वेळ दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी आणि दार लावण्याआधी बाहेर येऊन सांगावे, की देवीच्या जेवणाची वेळ झाली आहे, वीस मिनिटे बसा. ‘जेवण’ हा शब्द मुद्दाम वापरावा. जेवणाऱ्याच्या दारावर सहसा कोणी थाप मारत नाही. ‘‘देव तुझ्या बापाचा आहे का’’ असे कोणी विचारले तर रागावू नये. उत्तर खरेच ‘नाही’ असे आहे. ते शांतपणे द्यावे आणि म्हणावे, ‘‘नाही, आपल्या सगळ्यांचा आहे, म्हणून तर वेळेवर जेवायला घालतोय.’’

शिकवले कोणी नाही, असे आपण लिहिले. मंत्र शिकवणाऱ्या पाठशाळा आहेत, पण भक्ताशी कसे बोलावे हे फारसे कोठे शिकवत नाहीत. मला जे वडिलांकडून मिळाले ते सांगतो. ते निरक्षर होते आणि त्यांना मोजके मंत्र येत. गाभारा ते रोज स्वतः धूत. देवाच्या अंगावरचे निर्माल्य उतरवताना ओरबाडत नसत, एकेक फूल काढून परडीत ठेवत. मला ते म्हणत, ‘‘देवाच्या अंगावरनं फूल जसं उतरवतूस, तसाच माणसाशी बोल.’’ प्रसाद ते हातावर ठेवत, कधी वरून टाकत नसत. नारळ फोडल्यावर देवाचा वाटा ठेवून उरलेला भाग ज्याचा त्याला परत देत, आणि तो लहान मुलाच्या हाती देत, कारण घरापर्यंत तो मिरवत नेण्यात मुलाला आनंद असतो. विधवा बाईला हळदीकुंकवाच्या वेळी मागे सरायला लावणारी माणसे तेव्हा पुष्कळ होती. वडील काही न बोलता ओटीचा प्रसाद आधी तिलाच देत. त्यावर गावात कुरबुर झाली, पण त्यांनी ते सोडले नाही.

एकदा मी चुकलो होतो, तेही लिहितो. श्रावणी सोमवार होता, गर्दी होती आणि एक अंध म्हातारे गृहस्थ उंबऱ्याशी उभे होते. मी सवयीने पळी पुढे केली आणि तीर्थ त्यांच्या हाताऐवजी धोतरावर सांडले. मी ‘‘हात नीट धरा’’ म्हणालो. वडिलांनी माझ्या हातातून पळी घेतली आणि मला बाहेर बसायला सांगितले. पुढे चार सोमवार मला गाभाऱ्यात येऊ दिले नाही. पाचव्या सोमवारी परत घेतले तेव्हा एवढेच म्हणाले, की ज्याला दिसत नाही त्याला आधी आवाज द्यायचा, मग आपल्या डाव्या हाताने त्याचा हात धरायचा आणि मग तीर्थ घालायचे.

आपले वय लहान आहे आणि पुढे पुष्कळ वर्षे ही सेवा करायची आहे. म्हणून तीन गोष्टी आजपासून धराव्यात. ताटात काय पडले याकडे आरती संपेपर्यंत पाहू नये, हिशेब रात्री दार लावल्यावर करावा. रांगेत बडा माणूस आला तर त्याला पुढे घेण्याआधी रांगेतल्या पहिल्या माणसाला विचारावे, आणि गरोदर बाई, तान्हे मूल आणि काठी टेकत आलेले माणूस यांना मात्र न विचारता पुढे घ्यावे. तिसरी गोष्ट म्हणजे पूजा संपताना मंत्रहीन, क्रियाहीन, भक्तिहीन असे जे काही झाले असेल त्याची आपण देवाकडे क्षमा मागतो, तेव्हा दिवसभरात ज्याच्यावर आवाज चढवला तो माणूसही आठवावा. दुसऱ्या दिवशी तो आला तर त्याला आपणहून हाक मारावी.

मंत्रोच्चार आणि पूजाविधी व्यवस्थित शिकायचे असतील तर पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीसारख्या ठिकाणी जात किंवा स्त्री-पुरुष असा भेद न करता पौरोहित्याचे शिक्षण दिले जाते. पंढरपूरच्या समितीनेही 2014 मध्ये पूजेसाठी सर्व जातींतून आणि स्त्रियांकडूनही अर्ज मागवले होते. आपल्या बहिणी असतील, पत्नी असेल, तर त्यांनाही पूजा शिकवावी, म्हणजे आजारपणात देवीची पूजा खोळंबणार नाही आणि आपल्याला विसावा मिळेल. पत्रासोबत आपण गाभाऱ्याचे छायाचित्र पाठवले आहे. त्यात समईच्या वरची भिंत काजळीने काळी झालेली दिसते. समईची वात थोडी बारीक करा आणि समई भिंतीपासून हातभर पुढे घ्या. भिंत पुसताना साबण वापरू नका, ओल्या सुती फडक्याने पुसा.